सॅटेलाईट फोन भारतात बाळगता येतो का? दिघीच्या गेटवेपासून स्टारलिंकपर्यंत नियम काय सांगतात

दरवर्षी १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचं, शिरूर तालुक्यातलं हे गाव त्या दिवशी माणसांनी भरून जातं. फोनला रेंज दिसते, पण कॉल लागत नाही आणि मेसेजही जात नाही. हे काही कारस्थान नसतं. एका टॉवरवरून एका वेळी ठरावीकच फोन चालू शकतात, आणि इथे त्याच्या कितीतरी पट फोन एकाच जागी आलेले असतात. शिवाय २०१८ च्या हिंसाचारानंतरच्या काही वर्षांत याच सुमारास या परिसरातलं मोबाईल इंटरनेट तात्पुरतं बंदही ठेवलं गेलं होतं.

अशा वेळी सोशल मीडियावर एक सल्ला हमखास फिरतो: "सॅटेलाईट फोन घ्या, टॉवरची गरजच नाही." सोबत एखाद्या परदेशी वेबसाईटची लिंक असते. कुणी दुबईहून येणाऱ्या नातेवाईकाला सांगतं, "येताना एक घेऊन ये."

हा सल्ला महागात पडू शकतो. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाईट फोन वापरणं तर गुन्हा आहेच, नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. असं का आणि परवानगी कशी मिळते, ते या लेखात पाहू. स्टारलिंक आल्यावर काय बदलेल आणि या सगळ्याचा पुणे जिल्ह्याशी काय संबंध आहे, तेही पाहू. हा संबंध बराच जुना आहे.

थोडक्यात महत्त्वाचं

- थुराया आणि इरिडियम या कंपन्यांचे फोन भारतात आणायला किंवा वापरायला सर्वसामान्य माणसाला मुभा नाही.
- हातात धरून बोलायच्या सॅटेलाईट फोनची कायदेशीर सेवा बीएसएनएल देते. ती इन्मारसॅट या कंपनीच्या उपग्रहांवर चालते.
- ट्रेकिंगसाठीची सॅटेलाईट मेसेंजर उपकरणंही याच नियमात येतात.
- फक्त जीपीएस असलेलं घड्याळ किंवा मोबाईल यांना वेगळा परवाना लागत नाही, कारण ती उपग्रहाकडून सिग्नल घेतात, उपग्रहाला पाठवत नाहीत.
- स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला आहे, म्हणून परदेशातून आणलेला डिश इथे कायदेशीर ठरत नाही.

सॅटेलाईट फोन चालतो कसा?

साधा मोबाईल जवळच्या टॉवरशी बोलतो. टॉवरपुढचा प्रवास बहुतेक वेळा जमिनीखालच्या केबलमधून होतो. सॅटेलाईट फोन मात्र थेट आकाशातल्या उपग्रहाला सिग्नल पाठवतो. उपग्रह तो सिग्नल जमिनीवरच्या एका मोठ्या केंद्राकडे सोडतो. या केंद्राला गेटवे किंवा भू-केंद्र म्हणतात. तिथून कॉल नेहमीच्या टेलिफोन जाळ्यात शिरतो.

उपग्रह दोन प्रकारचे असतात. इन्मारसॅट आणि थुरायाचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे ते आकाशात एकाच जागी दिसतात. अंतर मोठं असल्याने बोलताना किंचित उशीर जाणवतो. इरिडियमचे उपग्रह सुमारे ७८० किलोमीटरवरून आणि स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात. ते सतत सरकत असल्यामुळे अखंड सेवेसाठी असे अनेक उपग्रह लागतात.

इरिडियमची एक खासियत नियम समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे. तिचे उपग्रह एकमेकांशी थेट बोलतात. भारतातून केलेला कॉल एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जात थेट दुसऱ्या देशातल्या गेटवेवर उतरू शकतो. म्हणजे कॉल भारतात झाला, तरी भारताच्या जमिनीवरच्या एकाही यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. सरकारची मुख्य अडचण इथेच आहे.

पुणे जिल्हा आणि उपग्रह: जुनं नातं

भारताच्या उपग्रह संपर्काची सुरुवात पुणे जिल्ह्यातूनच झाली. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी इथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र उभं राहिलं. सुमारे ३० मीटर व्यासाचा त्याचा अँटेना भारतातच बांधला गेला. डॉ. विक्रम साराभाईंच्या नावावरून त्याला 'विक्रम' हे नाव मिळालं. परदेशी जाणारे टेलिफोन कॉल तेव्हा याच केंद्रातून उपग्रहावर जात. पुढे समुद्रावरच्या जहाजांशी संपर्क ठेवणारं इन्मारसॅटचं भू-केंद्रही आर्वीतच आलं.

दुसरा अध्याय दिघीचा. कोरेगाव भीमापासून फार लांब नसलेल्या, आज पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत असलेल्या दिघीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस इरिडियमचा भारतातला गेटवे उभा राहिला. ज्या कंपनीच्या फोनमुळे आज विमानतळावर माणसं पकडली जातात, त्याच कंपनीचा हा गेटवे होता.

इरिडियम ही मोटोरोला कंपनीची कल्पना. ६६ उपग्रहांच्या जाळ्यातून जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून फोन लागावा, असं ते स्वप्न होतं आणि त्यावर सुमारे ५ अब्ज डॉलर खर्च झाले. भारतातल्या वित्तसंस्थांनी पैसे घालून 'इरिडियम इंडिया टेलिकॉम' ही कंपनी काढली. भारतातले कॉल दिघीतून जावेत आणि सरकारला हवी तेव्हा कायदेशीर देखरेख ठेवता यावी, अशी रचना होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये इरिडियमची जागतिक सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. फोन विटेएवढा जड होता, कॉल महाग होता आणि इमारतीत शिरलं की आवाज बंद होत होता. तोवर साधा मोबाईल स्वस्त होऊन गावोगाव पोहोचू लागला होता. सगळी उपग्रह यंत्रणा पुढे अवघ्या अडीच कोटी डॉलरला विकली गेली.

भारतीय गुंतवणूकदार यात पोळले. इरिडियम इंडियाने मोटोरोलावर फसवणुकीची फौजदारी तक्रार पुण्याच्या न्यायालयात दाखल केली. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती रद्द केली. २० ऑक्टोबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ज्या गुन्ह्यात 'हेतू' सिद्ध करावा लागतो, अशा गुन्ह्यासाठी कंपनीवरही खटला चालू शकतो, असं न्यायालयाने सांगितलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवला जातो.

या गोष्टीतून एक मुद्दा स्पष्ट होतो. भारत सरकारचा सॅटेलाईट फोनला सरसकट विरोध कधीच नव्हता. तेव्हाची अट आजही तीच आहे: गेटवे भारतात हवा. दिघीची व्यवस्था बंद पडल्यावर इरिडियम सर्वसामान्यांसाठी ती अट पुन्हा पूर्ण करू शकली नाही.

मग बंदी इतकी कडक का झाली?

याचं सर्वात ठळक कारण मुंबईला आठवतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी दहशतवादी समुद्रमार्गे आले. त्यांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली होती. ही बोट नंतर सापडली, तेव्हा तिच्यावर थुराया कंपनीचा सॅटेलाईट फोन होता. भर समुद्रात, कुठल्याही भारतीय टॉवरच्या किंवा गेटवेच्या कक्षेबाहेर राहून पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी बोलण्याची सोय त्यांच्याकडे होती, हे उघड झालं.

त्यानंतर नियम अधिक काटेकोरपणे लागू होऊ लागले. २०१२ मध्ये नौवहन महासंचालनालयाने भारतीय समुद्रहद्दीत थुराया, इरिडियम आणि तशाच इतर फोनच्या अनधिकृत वापरावर बंदी घालणारा आदेश काढला. मुंबई किंवा न्हावा-शेवा बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजांना जहाजावर असे फोन आहेत का, हे आधीच कळवावं लागतं.

अलीकडची दोन उदाहरणं सॅटेलाईट इंटरनेटची आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानच्या समुद्रात तटरक्षक दलाने सुमारे ६ हजार किलो मेथाम्फेटामाईन पकडलं, त्या बोटीवर स्टारलिंकचं उपकरण सापडलं. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपूरमध्ये शस्त्रांबरोबर स्टारलिंकचा लोगो असलेली उपकरणं जप्त झाली. तेव्हा स्टारलिंकला भारतात परवानाही मिळालेला नव्हता.

कायदा नेमका काय म्हणतो?

सॅटेलाईट फोनला लागू होणारे दोन मुख्य कायदे ब्रिटिशांच्या काळातले आहेत.

*भारतीय तार अधिनियम, १८८५.* दूरसंचाराची यंत्रणा उभारणं आणि चालवणं हा केंद्र सरकारचा एकाधिकार आहे, असं याचं कलम ४ सांगतं. इतर कुणाला ते करायचं तर सरकारकडून परवाना हवा.

*भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३.* हा कायदा यंत्र 'जवळ बाळगण्या'बद्दल आहे. परवान्याशिवाय बिनतारी प्रक्षेपक, म्हणजे सिग्नल पाठवणारं यंत्र, जवळ सापडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम १९३३ च्या काळातली वाटते, पण कैदेची तरतूद पाहता ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. "फोन बंदच होता, मी वापरलाच नाही" हा बचाव इथे फारसा उपयोगी पडत नाही, तो याच कायद्यामुळे.

या दोन्हींची जागा घेण्यासाठी संसदेने *दूरसंचार अधिनियम, २०२३* मंजूर केला. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. २६ जून आणि ५ जुलै २०२४ रोजी त्याची बरीच कलमं अमलात आली. परवानगी देण्याबद्दलचं कलम ३ आणि जुने कायदे रद्द करणारं कलम ६० मात्र या दोन टप्प्यांत नव्हतं. त्यामुळे जुने कायदे लगेच इतिहासजमा झाले नाहीत. नव्या कायद्यात विनापरवाना दूरसंचार सेवा किंवा जाळं चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे.

या कायद्याने आणखी एक मोठा वाद मिटवला. मोबाईल कंपन्यांना रेडिओ लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, लिलावातून घ्याव्या लागतात. उपग्रह सेवांसाठीही लिलाव व्हावा का, यावर कंपन्यांमध्ये जुंपली होती. नव्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने उपग्रह सेवा लिलावाबाहेर ठेवल्या. सरकार ठरवेल त्या दराने त्यांना प्रशासकीय पद्धतीने स्पेक्ट्रम मिळेल.

कंपनीला परवाना कसा मिळतो?

एखाद्या कंपनीला भारतात उपग्रहावरून फोन किंवा इंटरनेट द्यायचं असेल, तर तिला किमान तीन दारं ठोठवावी लागतात.

१. *दूरसंचार विभागाचा परवाना.* याचं नाव जीएमपीसीएस, म्हणजे उपग्रहाद्वारे जागतिक व्यक्तिगत मोबाईल संपर्क सेवा. वनवेबला तो २०२१ मध्ये आणि स्टारलिंकला जून २०२५ मध्ये मिळाला. रिलायन्स जिओच्या उपग्रह कंपनीकडेही हा परवाना आहे.

२. *इन-स्पेसची मंजुरी.* ही अंतराळ क्षेत्रातल्या खासगी कंपन्यांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था आहे. कुठले उपग्रह भारतावर सेवा देणार, हे ती मंजूर करते. स्टारलिंकला ही मंजुरी जुलै २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी मिळाली.

३. *स्पेक्ट्रम.* दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५ मध्ये शिफारस केली की उपग्रह कंपन्यांकडून वार्षिक समायोजित उत्पन्नाच्या ४ टक्के शुल्क घ्यावं आणि स्पेक्ट्रम पाच वर्षांसाठी द्यावा. शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा घ्यावेत, म्हणजे कंपन्या ग्रामीण भागाकडे वळतील, असाही त्यात विचार होता.

स्पेक्ट्रम वाटून का द्यावा लागतो, हेही पुणे जिल्ह्यातच समजतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना दूरच्या दीर्घिकांकडून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत ऐकतात. आसपास कुणी मनाला येईल त्या लहरींवर यंत्र चालवलं, तर ते संकेत गोंगाटात बुडून जातील. विमानं, जहाजं आणि पोलीस वायरलेस यांचंही तसंच आहे. सगळ्यांच्या लहरी एकाच आकाशात असल्यामुळे कुणी कुठल्या लहरी वापरायच्या हे ठरवून द्यावंच लागतं.

सुरक्षेच्या अटी काय आहेत?

मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने उपग्रह सेवांसाठी सुरक्षेच्या नव्या अटी जाहीर केल्या. त्यातल्या महत्त्वाच्या अशा:

- भारतातल्या ग्राहकाचा संपर्क भारतातल्या गेटवेतूनच जायला हवा. विदा, म्हणजे डेटा, देशातच साठवायला हवा.
- कायदेशीर आदेश असेल तेव्हा तपास यंत्रणांना देखरेख ठेवता यायला हवी.
- प्रत्येक उपकरण त्या क्षणी कुठे आहे, हे कंपनीला सांगता यायला हवं.
- नोंदणी नसलेलं किंवा परदेशातून आणलेलं उपकरण भारतात चालू होता कामा नये.
- जमिनीवरच्या सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत विशेष देखरेख क्षेत्र असेल.
- सरकारने सांगितल्यास ठरावीक व्यक्ती, गट किंवा भागापुरती सेवा बंद करता यायला हवी.

यातली शेवटची अट कोरेगाव भीमाच्या वाचकाने नीट वाचावी. "इंटरनेट बंद केलं तरी उपग्रहावरचं चालू राहील" असा अनेकांचा समज आहे. परवानाधारक उपग्रह सेवेच्या बाबतीत तो चुकीचा आहे. आदेश निघाला तर मोबाईल टॉवरप्रमाणे ती सेवाही त्या भागात थांबवावी लागेल.

अर्थात असा आदेश मनमानी पद्धतीने काढता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये 'अनुराधा भसीन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी गरजेपुरतीच असली पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांनुसार असा आदेश एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त काळ लागू ठेवता येत नाही. त्यात कारण, भाग आणि कालावधी लिहावा लागतो आणि पुनर्विलोकन समितीकडून त्याची तपासणी होते. राज्यात हा अधिकार गृह विभागाच्या सचिवांकडे असतो. नागरिक म्हणून तो आदेश मागण्याचा आणि त्याला न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क आपल्याला आहे.

सामान्य माणसाला परवानगी मिळते का?

मिळू शकते, पण तो दुकानातून सिमकार्ड घेण्याइतका सोपा मामला नाही.

भारतात इन्मारसॅटची सेवा आधी विदेश संचार निगम आणि तिची उत्तराधिकारी टाटा कम्युनिकेशन्स यांच्याकडे होती. २०१७ मध्ये सॅटेलाईट फोनची जबाबदारी बीएसएनएलकडे आली. गेटवे गाझियाबादला आहे. सुरुवातीला ही सेवा पोलीस, सीमा सुरक्षा दल, रेल्वे आणि आपत्ती व्यवस्थापन अशा सरकारी यंत्रणांसाठी होती. खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला कनेक्शन हवं असेल, तर दूरसंचार विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र घेऊन बीएसएनएलकडे अर्ज करावा लागतो. फोन कशासाठी आणि कुठे हवा, हे सांगावं लागतं, ओळखीची कागदपत्रं द्यावी लागतात आणि पडताळणी होते. परदेशातून उपकरण आणायचं असेल, तर परवानगी प्रवासाआधी घ्यावी लागते. विमानतळावर उतरल्यावर अर्ज करून उपयोग नाही.

कुठल्या उपकरणाला काय लागू?

*थुराया, इरिडियम फोन:* परवानगीशिवाय आणू, विकू किंवा बाळगू नका. ऑनलाईन मिळतो म्हणजे तो कायदेशीर आहे, असं नाही.

*सॅटेलाईट मेसेंजर:* गार्मिनच्या इनरीचसारखी तळहाताएवढी उपकरणं. दिसायला ती जीपीएससारखी असली, तरी आतून इरिडियमच्या जाळ्यावर मेसेज पाठवतात. सर्वात जास्त माणसं इथेच फसतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनडियन धावपटूकडे असं उपकरण सापडलं आणि तिला पोलीस कारवाईला सामोरं जावं लागलं. ब्रिटन सरकार आपल्या प्रवाशांना भारतात परवानगीशिवाय असं उपकरण नेऊ नका, असा इशारा देतं. परदेशातून गावी येणाऱ्या आपल्या मंडळींनीही हे लक्षात ठेवावं.

*आयफोनमधली उपग्रह एसओएस सुविधा:* आयफोन १४ पासून ती फोनमध्ये आहे, पण भारतात उपलब्ध नाही. फोन मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे.

*जीपीएस घड्याळ, गाडीतलं नॅव्हिगेशन:* फक्त सिग्नल घेतं, त्यामुळे सॅटेलाईट फोनचे नियम लागू होत नाहीत.

*वॉकीटॉकी:* ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या संचांना वापराचा परवाना लागत नाही. बाकीच्यांना लागतो. ऑनलाईन बाजारात लहरींची माहिती न देता संच विकले जात असल्यामुळे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

*हॅम रेडिओ:* परीक्षा देऊन परवाना मिळतो, वयाची अट १२ वर्षं. आपत्तीच्या वेळी फार कामाला येणारा हा छंद आहे.

पण संकटात काय करायचं?

सुरक्षेची बाजू समजली, तरी दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. संपर्क तुटला तर जीव जातात.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. गावातून बाहेर कळवायला कुणी उरलंच नव्हतं. त्या मार्गावरच्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं की गाव दिसत नाही, आणि त्यानंतर बातमी बाहेर पडली. २०२१ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळली, तेव्हाही पुरामुळे रस्ते आणि मोबाईल संपर्क तुटलेला होता.

अशा गावांसाठी प्रत्येकाच्या खिशात सॅटेलाईट फोन असण्याची गरज नाही. दरडप्रवण गावांच्या पंचक्रोशीत एक अधिकृत संच, तो कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असणं आणि पावसाळ्याआधी त्याची चाचणी, एवढं असलं तरी बराच फरक पडेल. नियम याला आडवे येत नाहीत, कारण सरकारी यंत्रणांना बीएसएनएलची सेवा घेता येते. ग्रामपंचायत किंवा ग्रामसभा तहसीलदारांकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे ही मागणी लेखी करू शकते.

मच्छीमारांच्या बाबतीत असं पाऊल उचललं गेलं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एका राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. तिच्यात मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेले एक लाख ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेमुळे टॉवरच्या पलीकडे गेलेल्या बोटीला संकटाचा संदेश पाठवता येतो आणि वादळाचा इशाराही मिळतो. ज्या समुद्रातून 'कुबेर' आली, त्याच समुद्रातल्या कोळी बांधवांना उपग्रह संपर्क कायदेशीर मार्गाने मिळतो आहे.

स्टारलिंक आल्यावर महाराष्ट्रात काय होईल?

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. असं करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांसारख्या जिल्ह्यांतल्या सरकारी संस्था, आरोग्य केंद्रं आणि दुर्गम वस्त्या जोडण्याचा त्यात विचार आहे. हे काम केंद्राच्या सगळ्या मंजुऱ्यांवर अवलंबून आहे, हेही त्यातच आलं.

दोन गोष्टींची गल्लत करू नका. स्टारलिंकचा डिश म्हणजे सॅटेलाईट फोन नव्हे, ते घरासाठीचं किंवा संस्थेसाठीचं इंटरनेट आहे. आणि भारतात नोंदवलेला, ओळख पटवून घेतलेला डिश कायदेशीर ठरणार असला, तरी दुबईहून किंवा अमेरिकेहून आणलेला डिश इथे चालवणं कायदेशीर ठरत नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*परदेशातल्या नातेवाईकाने चुकून असा फोन आणला तर?*
विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना स्वतःहून सांगणं हा सर्वात सुरक्षित मार्ग. लपवून पुढच्या देशांतर्गत विमानात चढताना सापडला, तर प्रकरण वाढतं.

*जुना, बंद पडलेला थुराया फोन घरात असेल तर?*
प्रश्न बाळगण्याचाच आहे, त्यामुळे तो विकू नका किंवा कुणाला देऊ नका. वकिलाचा सल्ला घेऊन पोलिसांना किंवा दूरसंचार विभागाच्या स्थानिक कार्यालयाला कळवा.

*ट्रेकला रेंज नसते, मग पर्याय काय?*
निघताना पायथ्याच्या गावात नाव, मार्ग आणि परतीची वेळ सांगून जा. गटात परवानामुक्त लहरींचे वॉकीटॉकी ठेवा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावून पाहा, कारण आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

*१ जानेवारीला कोरेगाव भीमाला फोन लागलाच नाही तर?*
गर्दीत कॉलपेक्षा साधा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त असते. सोबतच्यांशी भेटण्याची जागा आणि वेळ आधीच ठरवा. लहान मुलांच्या आणि वयस्कर माणसांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तिला टॉवरही लागत नाही आणि परवानाही लागत नाही.